नेढ्याची वाट
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, म्हणून आम्ही उभे राहिलो आहोत. उपदेश करण्याचा आमचा व्यवसाय सेवानिवृत्तीबरोबर संपला. परंतु गतवर्षी मार्गशीर्षात आम्हांसच जो धडा मिळाला, तो आपणांपुढे ठेवणे आमचे कर्तव्य आहे.

आपण महाड-पोलादपूरची माणसे रायगडाच्या सावलीत वाढलो. पण रायगडापूर्वी सुमारे २६ वर्षे राजधानीचा मान ज्याने भोगला, तो राजगड आपल्यापैकी कितीजणांनी पाहिला आहे? सईबाईसाहेबांचे देहावसान १६५९ साली तेथे झाले. राजाराम महाराजांचा जन्म १६७० साली तेथेच झाला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले, त्यांत रायगड, राजगड आणि आपला शेजारी प्रतापगड हे तिन्ही आहेत. तेव्हा ज्ञातीतील सात मुलांना राजगड दाखविण्याचे आम्ही ठरविले.

मुलांस ओढ होती ती सुवेळा माचीवरील नेढ्याची. सुईच्या भोकास नेढे म्हणतात, तसेच कातळास पडलेल्या आरपार भोकासही आपले डोंगरातील लोक नेढेच म्हणतात. अमेरिकेत युटा प्रांताच्या वाळवंटात, एकाच राष्ट्रीय उद्यानात, अशा दोन हजारांहून अधिक कमानी आहेत. पण तो खडक वालुकाश्म. आपला सह्याद्री सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. अरुंद कड्याच्या भेगांत पाणी मुरते, ऊनपावसाने कातळ दोन्ही अंगांनी झिजतो, आणि अखेर दोन्हीकडची झीज एकमेकींस भेटली की कातळास डोळा फुटतो.

पालकांनी विचारले, "गुरुजी, बरोबर वाटाड्या घेणार ना?" आम्ही उत्तरलो, "तीस वर्षे भूगोल शिकविला. नकाशा असता वाटाड्या कशास?" हे बोलणे अहंकाराचे होते, हे आज मान्य करतो.

वरंध घाटाने भोर, तेथून नसरापूरवरून गुंजवणे, आणि चोरदरवाजाने पद्मावती माची, हा प्रवास नकाशाबरहुकूम झाला. आमची छाती फुगली. माचीवर एक बाई ताक विकीत बसल्या होत्या. मुलांना ताक देता देता त्यांनी सहज विचारले, "गुरुजी, नेढ्याकडं जाताय? चूल पेटवायचा बेत नाही ना?"

बेत तोच होता. नेढ्यात बसून चहा करावयाचा, म्हणून स्टोव्ह पिशवीत होता. बाई गंभीर झाल्या. "तिकडं कड्याला आग्या मोहोळ हाय. धूर करू नका, ओरडू नका. अत्तर लावलेल्या पोराला मागंच ठेवा. माश्या उठल्या तर पळायला जागा नाही."

आम्ही स्टोव्ह त्यांच्यापाशी ठेवला. एका मुलाने अंगास सुगंधी द्रव्य फवारले होते. तो हिरमुसला, पण बाईंपाशी थांबला. बाकीचे आम्ही डुबा ओलांडून, झुंजार बुरूज मागे टाकून हत्तीप्रस्तरापाशी आलो. वर पाहतो तो कड्याच्या पोटाशी काळी पोळी लटकत होती! कोणी काही बोलले नाही. एकेक मूल हात धरून वर चढविले. नेढ्यात वारा असा घोंघावत होता की टोप्या सांभाळाव्या लागल्या. दोन्ही अंगांस दरी. तेथे धूर झाला असता, तर सहा लेकरांस घेऊन आम्ही कोठे गेलो असतो, हा विचार आजही मध्यरात्री जागे करतो.

परत आलो तेव्हा बाईंस पैसे देऊ केले. त्यांनी ताकाचेच तेवढे घेतले. "सांगायचे कसले पैसे, गुरुजी?" असे म्हणून त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

बंधूंनो, मुलांना डोंगरात अवश्य पाठवा. वाटाड्यावाचून जाण्याने आत्मविश्वास वाढतो, हे आम्ही अजूनही मानतो. परंतु वाटाड्यावाचून जाणे म्हणजे विचारल्यावाचून जाणे नव्हे. नकाशात वाट असते. मोहोळ नसते, आटलेले टाके नसते. ते तेथे राहणाऱ्यांसच ठाऊक. आमच्या तीस वर्षांच्या भूगोलास जे पुरे पडले नाही, ते एका ताकवाल्या माउलीने पुरे केले. तेव्हा पायथ्याशी टेका, दोन घोट पाणी प्या, विचारा, आणि सांगितलेले ऐका.