शिक्षक जेव्हा विद्यार्थी होतो
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



'संगणक आणि आपली मुले' या विषयावर चार शब्द बोलावेत असे चिटणीससाहेबांनी मला सांगितले, तेव्हा मी संकोचलो. मी बी.ए., बी.एड. झालेला, मराठी व इतिहास शिकविणारा शिक्षक. संगणकशास्त्राची पदवी मजजवळ नाही. म्हणून विद्वत्तेच्या गोष्टी न सांगता, २०२५ च्या दिवाळीनंतर माझी जी फजिती झाली तीच आपणांपुढे मांडतो. तीतून आपल्या मुलांच्या उपयोगाचे काही निघेल अशी आशा आहे.

आपल्या संगणक खोलीत पाच संगणक आहेत. सर्व देणगीत मिळालेले, वापरलेले. त्यांवर विंडोज १० ही प्रणाली होती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने या प्रणालीला सुरक्षेच्या नियमित दुरुस्त्या पुरविणे थांबविले. मुदतवाढ मिळते, पण वेगळी नोंदणी करून आणि मर्यादित काळापुरती. पुढची विंडोज ११ घालावी, तर तिला विशिष्ट सुरक्षा-चिप आणि नवा प्रोसेसर लागतो. तो आमच्या यंत्रांत नाही. पाच संगणक भंगारात द्यावेत, की नव्यांसाठी पुन्हा आपल्याच दारी झोळी घेऊन यावे, असा पेच पडला.

त्याच सुमारास दहावीची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिचे वडील बदलापूर स्टेशनवर रिक्षा चालवितात. ती म्हणाली, "सर, मला मराठी टायपिंग शिकायचंय. अब्बा म्हणतात, क्लासची फी आत्ता जमणार नाही. शाळेत सराव करू का?" सरकारी कचेरीत लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठी टंकलेखनाचे मिनिटाला ३० शब्दांचे प्रमाणपत्र उपयोगी पडते, हे तिने कोठेतरी वाचले होते. मोबाईलवर अंगठ्याने लिहून तो वेग येत नाही. मी 'हो' म्हणालो. मास्तरांना 'हो' म्हणणे फार सोपे असते.

आपला एक माजी विद्यार्थी ठाण्याला नोकरी करतो. त्याने रविवारी येऊन एका संगणकावर पेनड्राइव्हने लिनक्स ही प्रणाली घालून दिली आणि तो निघून गेला. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कीबोर्ड, पडदा, छपाई यंत्र आणि आपले सर्व प्रोग्रॅम यांच्यातला कारभार पाहणारी व्यवस्था. लिनक्सचा आरंभ १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने केला. त्याआधी १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी, सर्वांना वापरता, पाहता, बदलता आणि वाटता येईल अशा प्रणालीची चळवळ जाहीर केली होती. या दोन प्रयत्नांच्या मिलाफातून आणि जगभरच्या हजारो लोकांच्या श्रमातून ही प्रणाली उभी राहिली. तिचे बहुतेक प्रकार विनामूल्य मिळतात आणि काही जुन्या यंत्रांवरही चालतात.

आता माझ्या तीन संध्याकाळी ऐका.

पहिल्या संध्याकाळी मी इंटरनेटवरून मराठी टायपिंगचा एक प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि सवयीप्रमाणे त्यावर दोनदा टिचकी मारली. काहीच झाले नाही. दहा वेळा मारली. पुन्हा उतरवून घेतला. यंत्र बिघडले असे ठरवून मी घरी गेलो. वास्तविक तो प्रोग्रॅम विंडोजसाठी बांधलेला होता. शेजारच्या घराची किल्ली मी आपल्या कुलपात फिरवत होतो आणि दोष कुलपाला देत होतो.

दुसऱ्या संध्याकाळी वाचनातून कळले की लिनक्समध्ये बहुतेक प्रोग्रॅम असे इकडून तिकडून आणावयाचे नसतात. ते प्रणालीच्या स्वतःच्या भांडारातून, तपासून ठेवलेले, मागवून घ्यावयाचे असतात. त्यासाठी काळ्या चौकटीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, 'सुडो' या शब्दाने सुरू होणारी आज्ञा लिहावयाची. सुडो म्हणजे मुख्याध्यापकांचा अधिकार क्षणभर हाती घेणे. यंत्राने पासवर्ड विचारला. मी टाइप करू लागलो, पण पडद्यावर एक अक्षर उमटेना, ठिपकाही नाही. कीबोर्ड मेला म्हणून मी दुसरा आणून जोडला. तोही मेलेला! मागून कोणी पाहू नये म्हणून पासवर्ड मुद्दाम अदृश्य ठेवलेला असतो, हे समजेपर्यंत अर्धा तास गेला.

पुढे उत्तर आले की असा प्रोग्रॅम सापडत नाही. भांडाराची यादी आधी ताजी करून घ्यावी लागते, हे मला ठाऊक नव्हते. यादी ताजी केली, तर निरोप आला की दुसरे काम चालू आहे, थांबा. यंत्र आपल्या दुरुस्त्या आपणच करीत होते. मला थांबवेना. मी थेट भिंतीवरचे बटण बंद केले.

मित्रहो, माझी सर्वांत मोठी चूक ती होती. तिसऱ्या संध्याकाळी संगणक सुरू झाला, पण काहीही घालू म्हटले की इंग्रजीत तोच तांबडा मजकूर येई. तो पाहताच माझी छाती धडधडे आणि मी चौकट बंद करी. ती मुलगी शेजारी वही घेऊन बसली होती. शेवटी मी म्हणालो, "बेटा, हे आपल्याला जमणारं नाही. नवे संगणक येऊ देत." ती म्हणाली, "सर, जरा बंद करू नका. मला वाचू द्या." तिने बोट ठेवून एकेक शब्द वाचला. मग म्हणाली, "सर, यात काम अर्धवट राहिलंय असं लिहिलंय. आणि पुढे काय टाइप करायचं तेही दिलंय."

खरोखरच दिले होते! उपाय त्याच ओळीत अवतरणचिन्हांत लिहिलेला होता. मी तो पाच वेळा बंद केला होता. तिने तो जसाच्या तसा लिहिला. यंत्राने अर्धवट राहिलेले काम पुरे केले. मग मराठी लिहिण्याची सोय भांडारातून दोन मिनिटांत आली. तरी भाषांच्या यादीत मराठी दिसेना. एकदा बाहेर पडून पुन्हा आत आल्यावर दिसली.

आम्ही इन्स्क्रिप्ट ही मांडणी निवडली. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकात ती समाविष्ट आहे. देवनागरी, गुजराती, तमिळ अशा लिप्यांना तिची मूळ रचना सारखीच असते. मात्रा बहुधा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. 'च' आणि 'ट' त्यात शेजारी-शेजारी येतात. त्या मुलीने पहिला शब्द लिहिला, 'चामटोली'. वेळ लागला, पण एकही चूक नव्हती.

घरी जाताना माझ्या मनाला एक गोष्ट लागली. 'प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' असे मी मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो. माझी पाळी आली तेव्हा मी प्रश्न वाचलाच नाही. त्याहून वाईट म्हणजे, माझ्या भीतीपायी मी त्या मुलीला 'जमणार नाही' असे सांगून टाकले होते. ती गप्प बसली असती तर तिचा सराव तेथेच थांबला असता, आणि दोष गरिबीच्या नावावर लागला असता.

आपल्या शेजारचे एक उदाहरण सांगतो. याच रेल्वेमार्गावर पुढे, रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट येथे २००७ साली एकशिक्षकी शाळेतील मुलांना 'एक मूल, एक लॅपटॉप' या योजनेतून हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप देण्यात आले. त्यांत लिनक्सच होते. त्या मुलांना विंडोजची सवयच नव्हती, म्हणून मोडावयाची सवयही नव्हती. केरळच्या सरकारी शाळांतही मुले लिनक्सवरच संगणक शिकतात. तेव्हा ही प्रणाली मुळात अवघड आहे असे नाही. आमच्यासारख्या मोठ्यांना ती अनोळखी आहे, एवढेच.

तरीही एक बाजू सांगून दुसरी लपविणे बरे नव्हे. काही परीक्षांचे व कचेऱ्यांचे प्रोग्रॅम आजही विंडोजवरच चालतात. म्हणून आम्ही दोन यंत्रे अद्याप जुन्या प्रणालीवर ठेवली आहेत आणि ती इंटरनेटला जोडत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला माझे सांगणे थोडके आहे. नवी प्रणाली घालण्यापूर्वी आपल्या फायली दुसरीकडे उतरवून ठेवा. शक्य असेल तर ती आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहा. केलेली प्रत्येक आज्ञा वहीत लिहा. अर्थ कळल्याखेरीज कोणाची आज्ञा, विशेषतः सुडोची, उतरवून घेऊ नका. आणि अडलात तर विचारा, पण 'चालत नाही' एवढेच म्हणू नका. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान, आपल्या या परिसरात, महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती. हजाराहून अधिक प्रवासी सुखरूप बाहेर आले. गाडी नेमकी कोठे उभी आहे हे कळल्यावाचून होडी कोठे पाठविणार? तसेच आपण काय केले, आणि पडद्यावर अक्षरशः काय आले, ते पुरे सांगा.

पालकांना विनंती अशी की, चोरून उतरविलेल्या प्रोग्रॅमच्या स्वस्ताईला भुलू नका. त्यांतून विषाणू घरात येतात, आणि मुलांना चोरीची सवय लागते ती वेगळीच. घरात जुना संगणक पडून असेल तर तो भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा आम्हांला दाखवा. तीन यंत्रे आम्ही अशीच पुन्हा चालती केली आहेत. मूल यंत्रापुढे अडले तर रागावू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याला पडद्यावरचे मोठ्याने वाचावयास सांगा. आपणांस इंग्रजी येत नसले तरी हे करता येते.

ती मुलगी आता रोज शाळा सुटल्यावर पाऊण तास सराव करते. तिचा वेग मिनिटाला १८ शब्दांवर आला आहे. अजून १२ बाकी आहेत. आणखी चार मुली तिच्याजवळ शिकू लागल्या आहेत आणि टर्मिनलपुढे मी अडलो की मीही तिलाच हाक मारतो.