झालं म्हणतात

माझं शिक्षण बी.ए.पर्यंतचं, तेही मराठी घेऊन. कविता करतो हे पालघरात चार लोकांना ठाऊक आहे. पोटासाठी तारापूर एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात मेन्टेनन्स खात्याचा क्लार्क आहे, हे बाकीच्यांना. पालघरला गाडीत चढायचं, मध्ये उमरोळी, मग बोईसर आणि तिथून रिक्षा. अशा माणसाने कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल. पण हा प्रोग्राम म्हणजे शेवटी तक्रारवहीच, आणि वही मला नवी नाही.

आमच्या खात्यात लाल कापडी बांधणीचं जाडजूड रजिस्टर असायचं. शिफ्टमध्ये काही बिघडलं की त्यात लिहायचं. पंप आवाज करतो, व्हॉल्व्ह नीट बसत नाही, जिन्यावरचा दिवा गेला. फिटर वाचायचा, जमेल ते करायचा आणि समोर सही. नाही जमलं तर ओळ तशीच राहायची. ३१ मार्चला रजिस्टर कपाटात जायचं आणि १ एप्रिलला नवं कोरं निघायचं. जुन्या वहीतल्या न सुटलेल्या ओळी नव्या वहीत उतरवाव्यात, असं मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सुचलंही नव्हतं.

दहाएक वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका रात्रपाळीत वाफेच्या लाइनचं गास्केट फुटलं आणि एका हेल्परचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. वीस-बावीस वर्षांचा मुलगा. चौकशीत ऑपरेटर म्हणाला, मी सांगितलं होतं. सुपरवायझर म्हणाला, मीही पुढे सांगितलं होतं. फिटर म्हणाला, मला कुणी सांगितलंच नाही. तिघंही खरं बोलत होते. मी कपाट उघडलं. फेब्रुवारीच्या पानावर ती ओळ होती, मार्चमध्ये पुन्हा एकदा, वेगळ्या अक्षरात. समोर सही नाही.

आमच्या भागात याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तारापूर औद्योगिक वसाहतीत स्फोट होऊन आठ जण गेले. ते नंतरचं. पण मोठा आवाज झाला की घरोघरी आधी फोन शोधला जातो, हे फार पूर्वीपासूनचं आहे.

त्या वर्षी ईदला पुण्याचा भाचा आला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मामू, तुमच्या वहीत तक्रार आहे, पण तक्रारीला मालक नाही." त्यांच्या धंद्यात प्रोग्राममधला प्रत्येक दोष नोंदला जातो, त्याला नंबर मिळतो, तो कुणाकडे आहे आणि कुठवर आलाय हे सगळ्यांना दिसतं. त्यासाठी बनवलेल्या वह्या फुकट मिळतात. मोझिलाची बगझिला १९९८ पासूनची, मॅन्टिस २००० ची, आणि ज्याँ-फिलिप लांग यांनी २००६ मध्ये सुरू केलेली रेडमाइन. यांना ओपन सोर्स म्हणतात. पैसे पडत नाहीत हा त्यातला लहान भाग. आतली लिखावट उघडी असते, पाहिजे तर बदलून घेता येते, हा मोठा.

मालकांनी एक जुना कॉम्प्युटर दिला. भाच्याने दोन रविवार घालवून त्यावर रेडमाइन बसवली. खरं सांगतो, हे काम सोपं नाही. ती रुबी नावाच्या भाषेत लिहिलेली आहे, आधी आणखी चार गोष्टी बसवाव्या लागतात, आणि त्यांचं एकमेकांशी जुळावं लागतं. जवळ असा भाचा नसेल तर मॅन्टिसपासून सुरुवात करावी, ती बसवायला हलकी आहे. एकदा बसली की बाकीचे कॉम्प्युटर ऑफिसातल्या वायरीवरूनच ती उघडतात, इंटरनेट लागत नाही. रोज संध्याकाळी तिची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्यायची, हे मात्र पहिल्या दिवशीच शिकावं.

मग आम्ही शहाणपणा केला. तक्रारींचे बावीस प्रकार पाडले. लोक यादी बघून निघून जायचे. निकड किती याच्या पाच पायऱ्या होत्या, तर प्रत्येकाला आपलं काम 'ताबडतोब'च वाटे. महिन्याभराने सगळं पुसलं आणि तीन प्रश्न ठेवले: काय, कुठे, कोण करणार. 'पंप खराब' असं लिहिलेलं मी परत पाठवू लागलो. 'दोन नंबर शेडमधला पाण्याचा पंप सुरू होताना आवाज करतो' असं हवं. कवितेतही हाच घोळ असतो, पण तो विषय वेगळा.

तक्रारीच्या अवस्था रेडमाइनमध्ये इंग्रजी येतात, पण त्या आपल्या शब्दांत बदलता येतात. हे काम माझ्याकडे आलं. नवी, हातात घेतली, झालं म्हणतात, बंद. साहेब तिसऱ्या नावाला हसले. पण सगळी गंमत त्या तिसऱ्यातच आहे. फिटरने काम केलं की तो 'झालं म्हणतात' इतकंच करू शकतो. बंद करायची ती ज्याने तक्रार केली त्याने. कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत कुणी न्यायचं, हे प्रोग्रामला सांगून ठेवता येतं. ज्यांना लिहिता येत नाही, किंवा जे फक्त हिंदी नाहीतर वारली बोलतात, त्यांचं ऐकून मी टाइप करायचो. चिठ्ठीवर नंबर लिहून द्यायचो. बंद करायचा त्यांचा अधिकार माझ्याकडे.

टाइप करताना 'दुसऱ्या'तला र डोक्यावर चढून 'दुसर्या' व्हायचा. अक्षरांचा फॉन्ट होता लोहित, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने बनवलेला आणि रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये सर्वांना खुला केलेला. अशा फॉन्टमधला दोष रेड हॅटच्या बगझिलावर कुणालाही नोंदवता येतो. मी बाह्या सरसावल्या. भाच्याने फोनवर थांबवलं. म्हणाला, "मामू, साधा र नको, शिफ्ट धरून जे दाबा." खरंच, इन्स्क्रिप्टमध्ये तिथे ऱ आहे. माझी तक्रार नोंदण्याआधीच नामंजूर झाली.

पहिलं वर्ष संपत आलं. पडद्यावर दिसे: उघड्या तक्रारी ४१. ३० मार्चला मला बोलावून सांगितलं गेलं की, नवं वर्ष कोरं सुरू करा. नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. सगळ्या ओळी निवडल्या, उजवी कळ दाबली, बंद. दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत.

लाल रजिस्टरमध्ये एवढ्यावर मिटलं असतं. इथे प्रत्येक तक्रारीखाली एक ओळ उमटली: कुणी बंद केली, किती वाजता. एक्केचाळीस ठिकाणी माझं नाव.

एप्रिलच्या तिसऱ्या दिवशी बॉयलरवरचा माणूस आला. हातात मळकी चिठ्ठी. "११८ नंबर बघा ना, काका." मी उघडली. त्याला वाचता येत नव्हतं, मलाच वाचून दाखवावं लागलं. तो म्हणाला, "पण गास्केट तर अजून गळतंय."

बंद करायला दहा सेकंद, उघडायला चार दिवस लागले, कारण या वेळी प्रत्येकाला जाऊन विचारलं. एकोणीस कामं खरंच झालेली निघाली. बावीस मी परत उघडली. त्याखालीही माझंच नाव आलं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी काही बोललो नाही, पडद्यावर ११८ उघडून दाखवली. त्याच आठवड्यात फिटरने ती हातात घेतली.