बसल्या जागेचा खेळ



काशीच्या पंचगंगा घाटावर मंगला गौरीचे देवालय आहे. जवळच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट या वस्तीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. या अरुंद गल्ल्यांत मुलांना मैदान कोठून मिळणार? आणि आता तर खेळ हातातल्या मोबाईलवरच आला आहे. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा तासन्‌तास एका जागी बसतो. पडद्यावरचा वीर धावतो, उड्या मारतो, आणि खेळणाऱ्याची हालतात ती केवळ बोटे.

यावर वडीलधाऱ्यांचा ठरलेला उपाय म्हणजे रागावणे आणि मोबाईल काढून घेणे. परंतु मुलगा त्या खेळात काय शोधतो, हे आपण कधी पाहतो काय? त्याला सोबती हवे असतात, चढत जाणारी पायरी हवी असते, आणि हरल्यावर पुन्हा एक डाव हवा असतो. यांत गैर ते काय? उणे आहे ते एवढेच, की या साऱ्यात देहाला वाटा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले, की पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी. याच संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात गेमिंगचा विकारही आहे. मात्र खेळावरचा ताबा सुटणे, इतर सारे मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही लक्षणे बहुधा वर्षभर टिकली तरच तो विकार मानावयाचा. तेव्हा खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला रोगी ठरवू नये.

मग करावे काय? उत्तर त्या देवीच्या नावातच आहे. आपली मंगळागौर आठवा. श्रावणी मंगळवारी पूजा झाल्यावर रात्र जागवावयाची ती झिम्मा, फुगडी आणि पिंगा खेळून. त्या खेळांतही सोबतिणी आहेत, चढाओढ आहे, ‘आणखी एक फेरी’ आहे. आणि जागरण असूनही बसकण नाही! त्याच श्रावणात नागपंचमीला काशीचे आखाडे गदा-जोडीच्या चढाओढींनी गजबजतात. मुलाला हवे ते सर्व येथे आहे, आणि घामही आहे.

प्रारंभ लहान असावा. प्रत्येक डावानंतर उठावे, पाणी प्यावे, घाटाच्या पायऱ्या एकदा उतरून चढाव्यात. किती चढलो याची नोंद मुलानेच ठेवावी. गुण मोजण्याची गोडी त्याला आहेच. बाहेरच्या उजेडातला वेळ वाढत्या वयात दृष्टीलाही हितकर असतो. डोळे गंगेपलीकडच्या वाळवंटापर्यंत जाऊ द्यावेत. निजण्यापूर्वी तासभर पडदा मिटावा. हा नियम घरातल्या सर्वांना सारखाच हवा. वडील मोबाईलवर आणि मुलगा पायऱ्यांवर, असे चालणार नाही.

आठवड्यातून एकदा मुलासोबत त्याचा खेळ खेळा, आणि मग त्याला आपल्या खेळाचे आमंत्रण द्या. आज्ञेने उठलेला मुलगा पुन्हा बसतो. सोबत्यासाठी उठलेला मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी आपणहून पायऱ्यांकडे वळण्याचा संभव अधिक.