नवी मंडळी, एक काम

दत्तजयंतीला सारंगखेड्यास घोडेबाजार भरतो, हे आपणांस ठाऊकच आहे. राजस्थानातला, पंजाबातला घोडेवाला आणि आपला अहिराणी बोलणारा शेतकरी तापीकाठी सौदा करतात. बोली निराळी, तरी अडत नाही. घोडा समोर उभा असतो आणि सौदा झाला की ज्याची त्याची वाट वेगळी. पण ज्यांना वर्षानुवर्षे एकाच कामाला खांदा लावायचा असतो, त्यांचे एवढ्यावर भागत नाही.

याच शहादा तालुक्यातली गोष्ट पाहा. १९७२ साली येथे श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे भिल्ल समाजातले, सर्वोदयाच्या मुशीतले कार्यकर्ते आणि पुण्या-मुंबईची शिकलेली तरुण मुले-मुली एकत्र आली. चळवळ जमिनीची आणि मजुरीची. पण आदिवासी बाया बोलू लागल्या, तेव्हा त्यांनी दारूचा आणि घरातल्या मारहाणीचा प्रश्न पुढे केला. दारूची मडकी फोडायला त्या स्वतःच निघाल्या. त्यांचे कुणी ऐकलेच नसते, तर तो प्रश्न चुलीपाशीच राहिला असता.

तरी सगळे जुळले असे नाही. या चळवळीतले आदिवासी कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता आहे. आपले दुःख दुसऱ्यांनी व्यासपीठावरून सांगायचे आणि आपण खाली बसून ऐकायचे, ही बोच तिच्यात आहे. आणि हे मदतीला आलेल्या भल्या माणसांकडूनही घडते बरे का!

शाळेचेच घ्या. लांबच्या जिल्ह्यातले गुरुजी सातपुड्यात बदलून येतात. पाड्यावरचा पालक त्यांना ‘तू’ म्हणतो आणि गुरुजींना राग येतो. पण पुष्कळ आदिवासी बोलींत लहानथोरांना ‘तू’च म्हणतात, त्यात अनादर नसतो. पावरा सहकारी होळीला चार दिवस रजा मागतो. त्याच्या घरी होळी हाच मोठा सण. त्याला कामचुकार ठरवण्याआधी एवढे विचारायला काय हरकत आहे?

मग करावे काय? सभेत मुख्याध्यापकांनी आपले मत शेवटी सांगावे. आधी सांगितले, की बाकीचे ‘हो जी’ म्हणून मोकळे होतात. जो गप्प बसला, त्याला चारचौघांत टोकू नये. मागाहून ओट्यावर बसून विचारावे. आणि पाड्याची बोली जाणणाऱ्या शिक्षकाला नुसता दुभाषा करू नये. ठरलेले सांगायला त्याला पाठवतो, तसे ठरवतानाही त्याला जवळ बसवावे.

यात वेळ जातो, सभा लांबते, चहा दोनदा टाकावा लागतो. पण ठरलेली गोष्ट पाड्यावर कुणी मनापासून करील की नाही, ते तिथेच ठरते.