एक वही माझी

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात ‘रोजनिशी’ या सत्रात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्यातला मोकळेपणा तसाच ठेवला आहे.)

सकाळपासून आपण कायदा, पोलीस, पंचायत अशा मोठ्या विषयांवर बोललो. आता जेवण झालंय, डोळे जड झालेत, आणि माझा विषय आहे एक साधी दोनशे पानी वही. रोजनिशी.

आधी हात वर करून सांगा. घरात वह्या किती जणींकडे आहेत? सगळ्यांकडे. दुधाची वही, वाण्याची वही, भिशीची, बचत गटाची, मुलांच्या अभ्यासाच्या तर ढीगभर. आता सांगा, यातली फक्त तुमची, तुमच्याबद्दलची वही कितीजणींची आहे? तीन. चाळीसजणींमध्ये तीन. म्हणजे घरात येणाऱ्या प्रत्येक लिटर दुधाची नोंद आपण ठेवतो. त्या घरात राबणाऱ्या बाईची नोंद कुठेच नाही.

असं का, याला इतिहास आहे. राससुंदरी देवींनी पोथीतलं एक पान गुपचूप काढून घेतलं, स्वयंपाकघरात लपवलं आणि मुलाच्या गिरवायच्या पानावरच्या अक्षरांशी ताडून पाहत वाचायला शिकल्या. पुढे १८७६ साली त्यांचं ‘आमार जीबन’ आलं. बंगालीतलं पहिलं आत्मचरित्र ते मानलं जातं. आपल्याकडे फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात बसायच्या. माल बांधायला आलेल्या रद्दीचे कागद वाचायच्या आणि तिथेच लिहायच्या. लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवायच्या, थोडीथोडकी नाही, सुमारे वीस वर्षं. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आलं ते १९८६ साली. दोघींमध्ये शंभर वर्षांचं अंतर आहे, जातीचं आणि प्रांताचंही अंतर आहे. पण लपवणं दोघींनाही चुकलं नाही. बाई लिहिते म्हणजे काहीतरी चोरून करते, हे आपल्या हाडीमासी मुरलेलं आहे.

माझंच सांगते. लग्नाआधी मी रोज रात्री चार ओळी लिहायची. लग्नानंतरही वर्षभर लिहीत होते. वही कपाटात साड्यांच्या घडीखाली असायची. एक दिवस धाकट्या दिरानं ती शोधली आणि रात्री जेवताना सगळ्यांसमोर वाचून दाखवली. ‘वहिनी लेखिका झाल्या की!’ सगळे हसले. हेही हसले. त्यात भयंकर काही नव्हतं. माहेरची आठवण, सासूबाईंच्या बोलण्याचं वाईट वाटलेलं, एवढंच. पण मला लाज वाटली. दुसऱ्याची वही न विचारता वाचली याची लाज त्यांना वाटायला हवी होती. वाटली मला, मी लिहिलं याची! दुसऱ्या दिवशी पाणी तापवताना ती वही बंबात घातली. त्यानंतर अकरा वर्षं मी स्वतःबद्दल एक ओळ लिहिली नाही.

पुन्हा सुरुवात झाली ती आपल्या कामामुळे. सल्ला केंद्रात दिवसभर बायका येतात, आपण त्यांच्या नोंदी लिहितो. तिला कधी मारलं, काय बोलला, मुलं कुठे होती. रोज संध्याकाळी मी दुसऱ्यांच्या दुःखाची फाईल बंद करून घरी जायची आणि रात्री झोप यायची नाही. एका जुन्या कार्यकर्तीनं मला विचारलं, ‘बाई, तुझी नोंद कोण घेतं गं?’ त्या आठवड्यात मी वही घेतली. घरी ठेवली नाही, केंद्रातल्या कपाटात ठेवली.

तीन महिन्यांनी मी ती पहिल्यापासून वाचली आणि थक्क झाले. मी काय लिहिलं होतं? ‘सकाळी पाच. चहा झाला. डबे झाले. धुणं झालं. दळण आणून झालं. सासूबाईंचं पथ्याचं झालं.’ अहो, झालं म्हणजे काय? चहा आपोआप झाला? धुणं काय स्वतःहून दोरीवर जाऊन बसलं? तीन महिन्यांच्या वहीत ‘मी केलं’ असं मी जवळजवळ कुठेच लिहिलं नव्हतं. आपली भाषाच बघा. नवरा विचारतो, ‘स्वयंपाक झाला का?’ आपण सांगतो, ‘झाला.’ करणारीचं नावच नाही. आणि हे तो पुसतो असंही नाही, आपण स्वतः आपल्या हातानं पुसतो.

म्हणून त्या दिवशी मी एक नियम केला. वहीत ‘झालं’ लिहायचं नाही, ‘मी केलं’ लिहायचं. करून बघा. ‘मी पाचला उठले. मी सहा जणांचा चहा केला. मी चार डबे भरले.’ पानभर लिहिलं की हात थांबतो. मनात येतं, अगं बाई, हे सगळं मी करते? आणि लगेच पुढचा प्रश्न येतो. हे सगळं मीच का करते?

दुसरी गोष्ट दिसली ती डोकेदुखीची. ‘आज डोकं दुखलं’ हे वाक्य मधूनमधून यायचं. मी तारखा पाहिल्या. दर महिन्याच्या पहिल्या चार-पाच दिवसांत डोकं दुखत होतं. पाळीशी त्याचा संबंध नव्हता, तपासून पाहिलं. मग काय होतं त्या दिवसांत? एक तारखेला माझं मानधन यायचं. मी ते पाकीट न उघडता घरी द्यायची, आणि दोन तारखेपासून बसभाड्याला पैसे मागायची. मैत्रिणींनो, मी बायकांना सांगत होते, ‘स्वतःचं खातं उघडा, कमाई हातात ठेवा.’ आणि माझी कमाई कुणाच्या हातात होती? हे मला कुणी सांगितलं असतं तर मी भांडले असते. पण अक्षर माझंच होतं, तारखा मीच घातलेल्या. भांडणार कुणाशी?

मी खातं उघडलं. त्यानंतर चार महिने घरात अबोला होता. सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. पण पहिल्या आठवड्यातली ती डोकेदुखी कमी झाली. स्वतःला ओळखणं म्हणतात ते फार मोठं, अध्यात्मातलं काही असतं असं मला वाटायचं. माझ्या बाबतीत ते बसभाड्यापासून सुरू झालं.

आता काही मैत्रिणी म्हणतील, हे मध्यमवर्गीय बायकांचे चोचले आहेत. पाण्याचा प्रश्न, रेशनचा प्रश्न सोडून स्वतःच्या मनाचे पदर उलगडत बसायचं का? हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. पण आपणच म्हणतो ना, जे व्यक्तिगत आहे ते राजकीय आहे? मग व्यक्तिगत काय आहे, ते आधी नीट दिसायला तर हवं. सरकारनं पहिल्यांदा १९९८-९९ साली सहा राज्यांत लोकांचा दिवस कसा जातो याचं सर्वेक्षण केलं. पुढे २०१९ आणि २०२४ साली देशभर केलं. पद्धत काय, तर पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाची नोंद. म्हणजे एका दिवसाची रोजनिशीच की! त्यातून काय निघालं? २०२४ च्या आकड्यांप्रमाणे घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि करणारे पुरुष ८८ मिनिटं. ज्याला आपण ‘झालं’ म्हणतो, ते पावणेपाच तासांहून जास्त आहे. चाळीसजणींनी आपापल्या वहीतला एक एक दिवस गटात मोठ्यानं वाचला, तर तो वैयक्तिक राहत नाही. त्याचं मागणीपत्र होतं.

लिहिण्यानं मनाला काय होतं, याचाही अभ्यास झाला आहे. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सॅन्ड्रा बील यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक घटनेबद्दल लिहायला सांगितलं. काहींना किरकोळ विषय दिले. घटना आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लगेच तर जास्तच वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांना दवाखान्यात कमी वेळा जावं लागलं. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की फायदा जास्त कुणाला होतो, तर ज्यांच्या लिहिण्यात हळूहळू ‘कारण’, ‘मला उमगलं’ असे शब्द यायला लागतात त्यांना. म्हणजे नुसतं रडगाणं लिहून उपयोग नाही, ‘का’ विचारत लिहायला हवं. हे सगळ्यांना सारखंच लागू पडतं असंही नाही. तेव्हा वही म्हणजे औषधाची बाटली समजू नका.

आता कामाच्या गोष्टी. लिहून घ्या.

पहिली, जागा. वही कुठे ठेवणार हे लिहायच्या आधी ठरवा. घरी धोका असेल तर घरी ठेवू नका. केंद्रात, मैत्रिणीकडे, कामाच्या ठिकाणी ठेवा. फोनमध्ये लिहिणाऱ्या मुलींनो, फोन कुणाकुणाच्या हातात जातो ते आठवा. आणि कुठेच जागा नसेल तर लिहा आणि फाडून टाका. लिहिताना जे कळलं ते फाडलं जात नाही.

दुसरी, मनाची वही आणि मारहाणीची नोंद वेगळी ठेवा. ज्या बाईवर हिंसा होते तिनं तारीख, वेळ, काय घडलं, कुणी पाहिलं, कुठल्या दवाखान्यात गेली हे त्याच दिवशी लिहून ठेवावं. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज करताना तारखा लागतात आणि मार खाल्लेल्या बाईला त्या आठवत नाहीत. पण साक्ष देताना आठवणीसाठी एखादी नोंद वापरली, तर समोरच्या पक्षालाही ती बघता येते आणि तिच्यावर उलटतपासणी करता येते. तुमच्या मनातली भीती, प्रेम, घालमेल यांची वही त्यांच्या वकिलाच्या हाती कशाला? त्या नोंदीचं काय करायचं ते आपल्या वकिलाला विचारून ठरवा.

तिसरी, वहीला सासू बनवू नका. ‘आज पण चिडले, मी वाईट आहे, उद्यापासून चिडणार नाही’ असं लिहायला आपल्याला फार आवडतं. चिडलात ना? मग कशानं, कुणावर, आणि त्याआधी काय घडलं होतं ते लिहा. ‘कसंतरी वाटलं’ हेही चालणार नाही. कसंतरी म्हणजे राग, भीती, हेवा, थकवा, की एकटेपणा? नाव द्या. आनंदही लिहा. गच्चीवर दहा मिनिटं एकटी बसले, बरं वाटलं, हेही महत्त्वाचं आहे. आपल्याला काय आवडतं तेच आपण विसरलेल्या असतो.

चौथी, दहा मिनिटं पुरतात. खाडा पडला तर पडू दे. महिन्यातून एकदा मात्र मागचं वाचा. लिहिण्यापेक्षा वाचताना जास्त कळतं. आणि लिहिता लिहिता तेच तेच काळं येऊ लागलं, जगू नये असं वाटू लागलं, तर वही मिटा आणि माणसाशी बोला. मैत्रिणीशी, केंद्रात, डॉक्टरांशी. तिथे वही पुरी पडत नाही.

मागे बसलेल्या मावशी मघापासून हसताहेत. ‘आम्हाला कुठं लिहिता येतं?’ मावशी, तुमच्या आयांना तरी कुठे येत होतं? पहाटे जात्यावर बसून त्या काय करत होत्या? हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. सासर, माहेर, भाऊ, लेक, राबणं, मार, सगळं त्यांत आहे. अंधारात, घर झोपलेलं असताना, दोघीजणी मन मोकळं करत होत्या. ती त्यांची रोजनिशीच होती. जातं गेलं, गिरणी आली. दळायचे कष्ट वाचले हे फार चांगलं झालं, पण ती बोलायची जागाही गेली. म्हणून म्हणते, ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आठवड्यातून एकदा दुसरीला सांगावं आणि तिनं सांगणारीच्याच शब्दांत उतरवावं. फक्त उतरवणारीनं दोन पथ्यं पाळायची. सल्ला द्यायचा नाही आणि बाहेर बोलायचं नाही.

आता भाषण पुरे. प्रत्येकीला एक कोरा कागद मिळेल. काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस लिहा. ‘झालं’ हा शब्द वापरायचा नाही. दहा मिनिटं. कुणी कुणाच्या कागदात डोकावायचं नाही, मीसुद्धा नाही. वाचायचं की नाही ते ज्याची तिनं ठरवायचं. कागद घरी न्यायचा, मैत्रिणीकडे ठेवायचा की फाडायचा, तेही तुम्हीच ठरवा.

मावशी, तुम्ही माझ्याजवळ या. तुम्ही सांगा, मी लिहिते.