पाहुणा सेवक आणि यजमान मंडळी

परदेशांतील एखाद्या लहानशा ख्रिस्ती मंडळीच्या मदतीस दहा-पंधरा दिवसांसाठीं जाऊन यावयाचें, ही चाल पाश्चात्त्य देशांतील चर्चांमध्यें आज चांगलीच रूढ झाली आहे. सुट्टीचे दिवस साधून दहा-वीस माणसें विमानानें निघतात. त्यांत कोणी सुतारकाम जाणणारा असतो, कोणी दंतवैद्य असतो, कोणी शिक्षक असतो; बाकीचे बहुधा महाविद्यालयांतील तरुण असतात. हीं माणसें उपासनामंदिराच्या भिंतींना रंग देतात, मुलांना गाणीं शिकवितात, औषधें वाटतात, आणि पंधरवड्यानें आपल्या देशीं परत जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर ही चाल वाढली. १९५७ सालीं ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ आणि १९६० सालीं ‘यूथ विथ अ मिशन’ ह्या संस्था निघाल्या व त्यांनीं तरुणांस थोड्या मुदतीसाठीं परदेशीं धाडण्याचा प्रघात पाडला.

अशा पाहुण्यांचा हेतु बहुतेक शुद्ध असतो, ह्याबद्दल मला शंका नाहीं. पण हेतु शुद्ध असला म्हणजे काम उपयुक्त झालेंच, असें मात्र नव्हे. पाहुणा गेल्यावर यजमानाच्या घरांत काय उरतें, ह्यावर त्या कामाची किंमत ठरते. हा विचार करावयास सातारा आणि सांगली ह्यांच्याइतकी सोयीची भूमि दुसरी क्वचितच सांपडेल. ‘दक्षिण सातारा’ म्हणून १९४९ सालीं वेगळा झालेला आणि १९६० पासून ‘सांगली’ हें नांव धारण करणारा जिल्हा हा मूळच्या साताऱ्याचाच शेजारभाऊ. ह्या दोन्ही जिल्ह्यांत परदेशी सेवक शंभर वर्षांहून अधिक काळ येत राहिले. कोणी थोडे दिवस राहिले, कोणी जन्मभर राहिले. आणि त्यांच्या मागें काय उरलें तें आपणांस आज पाहतां येतें.

प्रथम ‘बॅप्टिस्ट’ ह्या शब्दाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. ज्यानें समजून उमजून श्रद्धा स्वीकारली त्यालाच, पाण्यांत बुडवून, बाप्तिस्मा द्यावा, तान्ह्या मुलास देऊं नये, हें ह्या पंथाचें एक मुख्य मत. दुसरें मत असें कीं, प्रत्येक गांवची मंडळी स्वयंशासित असावी. तिनें आपला पाळक आपण निवडावा आणि आपला कारभार आपण पाहावा. तिच्यावर दूरच्या कोणा अधिपतीची सत्ता नसावी. हें दुसरें मत आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचें आहे.

मराठी भाषेचा बॅप्टिस्टांशीं संबंध जुना आहे. विल्यम केरी हे इंग्लंडांतील बॅप्टिस्ट गृहस्थ १७९३ सालीं बंगालमध्यें उतरले आणि १८०० पासून श्रीरामपुरास राहिले. पंडित वैजनाथ ह्यांच्या साह्यानें त्यांनीं मराठीचा अभ्यास केला. त्यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं आणि मराठी कोश १८१० सालीं छापून निघाला. केरी पुन्हा इंग्लंडास गेलेच नाहींत. १८३४ सालीं ते श्रीरामपुरासच वारले. महाराष्ट्राची भूमि त्यांनीं पाहिली नाहीं, तरी त्यांच्या परिश्रमाचा लाभ महाराष्ट्रास झाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

मग मराठी मुलुखांत बॅप्टिस्ट मंडळ्या मोठ्या प्रमाणांत कां झाल्या नाहींत? ह्याचें एक कारण एका समुद्रप्रवासांत आहे. १८१२ सालीं अमेरिकेंतून तरुण मिशनऱ्यांची पहिली तुकडी दोन जहाजांनीं हिंदुस्थानाकडे निघाली. त्यांपैकीं ॲडोनिरॅम जडसन ह्यांनीं वाटेंत बाप्तिस्म्याच्या प्रश्नाचा अभ्यास केला आणि कलकत्त्यास पोंचल्यावर ते बॅप्टिस्ट झाले. ल्यूथर राइस ह्यांनींही तोच मार्ग धरला. जडसन पुढें ब्रह्मदेशास गेले. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मात्र आपल्या जुन्या काँग्रिगेशनल मतास धरून राहिले व १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस आले. त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशन सुरू झालें, आणि तेंच पुढें अहमदनगर, सातारा वगैरे ठिकाणीं पसरलें. गंमत अशी कीं, तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्याविषयीं मतभेद असला, तरी स्थानिक मंडळीच्या स्वातंत्र्याचें तत्त्व काँग्रिगेशनल लोकांसही तितकेंच मान्य होतें.

ह्या हॉल आणि नॉट ह्यांचीच तुलना पाहा. नॉट ह्यांची प्रकृति ढासळली आणि १८१५ सालीं ते परत गेले. हॉल तेरा वर्षें राहिले. त्यांनीं मराठी आत्मसात केली, नव्या कराराच्या मराठी भाषांतरांत मोठा वांटा उचलला आणि १८२६ सालीं नाशिकच्या बाजूस फिरतीवर असतां पटकीनें त्यांचा अंत झाला. नॉट ह्यांस कोणी दोष देणार नाहीं. परंतु भाषा अंगीं मुरण्यास जो काळ लागतो, तो त्यांस मिळाला नाहीं. आणि भाषेवांचून केलेली सेवा ही दुभाष्याच्या जिभेवर अवलंबून राहते. पंधरा दिवसांच्या पाहुण्याची तर सारी वेळ दुभाष्याच्या हातांत असते. तो दुभाषा बहुधा स्थानिक मंडळीचा पाळकच असतो. म्हणजे ज्याला मदत करावयाची, त्याचेच पंधरा दिवस पाहुण्यांच्या सरबराईंत खर्च होतात, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं.

आतां सांगलीकडे वळूं. १८८९ सालीं विल्यम वानलेस नांवाचे कॅनडांत जन्मलेले तरुण डॉक्टर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीनें सांगलीस आले. आरंभीं त्यांनीं तेथें लहानसा दवाखाना चालविला. पुढें त्यांनीं आपलें ठाणें शेजारच्या मिरजेस हलविलें आणि १८९४ सालीं तेथें मिशनचें रुग्णालय उघडलें. शस्त्रक्रियेंतील त्यांच्या कौशल्याची कीर्ति दूरदूर पसरली. पण माझ्या दृष्टीनें त्यांचें मोठेपण शस्त्रक्रियांच्या संख्येंत नाहीं. रुग्णालय उघडल्यावर तीनच वर्षांनीं, म्हणजे १८९७ सालीं, त्यांनीं मिरजेस वैद्यकीय शिक्षणाचा वर्ग सुरू केला आणि एतद्देशीय तरुणांस शिकवून तयार करण्यास आरंभ केला, ह्यांत तें आहे. जो स्वतः रोगी बरा करतो, तो एका रोग्यापुरता उपयोगी. जो रोगी बरा करणारा तयार करतो, तो आपल्या पश्चातही उपयोगी. १९२८ सालीं डॉक्टरसाहेब निवृत्त झाले आणि १९३३ सालीं अमेरिकेंत वारले. त्यांच्या जाण्यानें मिरजेचें काम बंद पडलें नाहीं. सांगली-मिरजेच्या दरम्यान वसलेली वानलेसवाडी आजही त्यांचें नांव सांगते.

येथें कोणी म्हणेल कीं, मग चाळीस वर्षें राहणारा तोच खरा सेवक, आणि अल्पकाळचा पाहुणा निरुपयोगी. हेंही पुरतें खरें नाहीं. पुष्कळ दिवस राहणाऱ्याच्या हातून एक वेगळी चूक घडूं शकते. तो पाहुणा आहे हें तो विसरतो आणि घराचा मालक होऊन बसतो. ह्या दोषाकडे ज्यांनीं स्पष्टपणें बोट दाखविलें, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक साताऱ्याचेच रहिवासी होऊन गेले.

टिळकांचा जन्म १८६१ चा. १८९५ सालीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला व पुढें अनेक वर्षें अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनमध्यें काम केलें. मिशनऱ्यांविषयीं त्यांच्या मनांत द्वेष नव्हता. त्यांच्यांत त्यांचे जिवलग मित्रही होते. परंतु त्यांस एक गोष्ट सलत होती. स्थानिक मंडळी स्वतंत्र असावी, असें तत्त्व खरें. पण पैसा बोस्टनहून येई आणि पैशाबरोबर निर्णयही येत. पाळकाचें वेतन मिशन देई, म्हणून पाळकाचें तोंड मंडळीपेक्षां मिशनकडे अधिक वळे. परदेशी बंधूंनीं पालकपण सोडून मित्रपण पत्करावें, असा टिळकांचा आग्रह होता. अखेर १९१७ सालीं त्यांनीं मिशनची वेतनी नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांसही त्यांत बंधु म्हणून स्थान होतें. भजन, अभंग, कीर्तन ह्या मराठी माणसाच्या ओळखीच्या वाटांनीं ख्रिस्तभक्ति व्हावी, हा त्यांचा ध्यास. १९१९ च्या मे महिन्यांत मुंबईस त्यांचें देहावसान झालें, त्यामुळें दरबारास फार आयुष्य लाभलें नाहीं. पण टिळकांचीं पदें मराठी उपासनेंत आजही गाइलीं जातात. परदेशांतून आणलेल्या चालींवरचीं कितीएक गीतें लोक विसरले. हीं विसरले नाहींत. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रें’ ह्या ग्रंथामुळें ह्या दांपत्याचा संसार तर ख्रिस्तेतर घरांतही परिचयाचा झाला आहे.

टिळकांनीं उपस्थित केलेला प्रश्न पुढें इतिहासानें हळूहळू सोडविला. १९२४ सालीं काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन मंडळ्या एकत्र आल्या. १९७० च्या नोव्हेंबरांत नागपुरास ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ची स्थापना झाली. तींत ह्या मंडळ्यांबरोबर अँग्लिकन, मेथडिस्ट आणि उत्तर हिंदुस्थानांतील बॅप्टिस्टांचाही एक मोठा गट सामील झाला. १८१२ सालीं एका प्रवासांत जे दोन प्रवाह दुभंगले, त्यांच्या हिंदी शाखा अशा रीतीनें एका छताखालीं आल्या. आणि कारभार येथल्याच लोकांच्या हातीं गेला.

म्हणून आज जो परदेशी पाहुणा एखाद्या मंडळीच्या मदतीस येतो, त्यानें हें जाणून यावें कीं आपण रिकाम्या घरांत पाऊल टाकीत नाहीं. त्यानें आमंत्रण असेल तेव्हांच यावें. काय आणावें हें यजमानांस विचारावें. भिंतीला रंग देणारे हात गांवांतही असतात व त्यांना मजुरी हवी असते. तेव्हां प्रवासखर्चाची रक्कम कोणत्या कामीं अधिक लागली असती, हा हिशेब निघण्यापूर्वींच करावा. पैसे द्यावयाचे ते मंडळीच्या पंचांच्या हातीं, उघडपणें द्यावे. एकेका कुटुंबास गुपचूप देऊं नयेत, कारण त्यानें मंडळींत दुही माजते. डॉक्टर असेल त्यानें औषधें वाटण्यापेक्षां तेथल्या परिचारिकेस चार गोष्टी शिकवाव्या.

आणखी एक गोष्ट अधिक नाजूक आहे. आपल्या देशाचा कायदा प्रवाशाच्या परवान्यावर आलेल्या परदेशी माणसास धर्मप्रचार करूं देत नाहीं. पाहुण्यानें उत्साहाच्या भरांत ही मर्यादा ओलांडली, अथवा औषधाची बाटली आणि उपदेश एकाच हातानें दिला, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मनांत संशय उत्पन्न होतो. पाहुणा विमानांत बसून निघून जातो. त्या संशयास तोंड द्यावें लागतें तें मागें राहिलेल्या दहा-वीस कुटुंबांस, ज्यांना त्याच शेजाऱ्यांबरोबर जन्म काढावयाचा असतो. यजमानाच्या शेजारधर्मास धक्का लावणारी मदत ही मदत नव्हे.

श्रोतेहो, हा विचार केवळ ख्रिस्ती मंडळ्यांपुरता नाहीं. आपल्या घरचीं मुलें सुट्टींत मेळघाटांत किंवा एखाद्या आश्रमशाळेंत सेवेसाठीं जातात, त्यांनाही तो लागू आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्यें कृष्णेच्या महापुरांत सांगली बुडाली, तेव्हां गांवोगांवचे लोक अन्न, कपडे, औषधें घेऊन धांवले. अशा वेळीं चार दिवसांची मदत हीच खरी मदत; तेथें भाषा शिकत बसावयास कोणी सांगणार नाहीं. परंतु पूर ओसरल्यावर घर उभारावयाचें तें घरच्यांनींच, त्यांच्याच नकाशाप्रमाणें. आपण तेथें जावें तें त्यांच्या हाताखालीं काम करावयास. निघतांना आपल्यावांचून त्यांचें काम अडणार नाहीं अशी व्यवस्था झाली असेल, तर मुक्काम थोड्या दिवसांचा असला तरी तो सत्कारणीं लागला असें खुशाल समजावें.