कुलूप कोणी लावले?

(मंडळाच्या वर्धापनदिनी, राहुरी येथे सभासद भगिनींपुढे झालेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी पाककृतीवर बोलते, कोणी बालसंगोपनावर. यंदा संगणकावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. मी त्या विषयातली जाणकार नव्हे. पण वार्षिक अहवाल तयार करताना आम्हां चौघींची जी फजिती झाली, ती ऐकून तुमची तरी होऊ नये, एवढाच माझा हेतू.

पुण्यास राहावयास गेलेल्या आपल्या माजी चिटणीसबाईंनी मसुदा ई-मेलने पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो छापखान्यात द्यावयाचा होता. फाईल उघडली, अक्षरे सुरेख दिसली. पण एक वेलांटी दुरुस्त करू म्हटले तर काही केल्या होईना! एकीने कळफलक पुसला, दुसरीने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, तिसरी म्हणाली, आता नवेच घ्यावे. शेवटी मोबाईलवर शोधून कुठल्याशा मदत केंद्राचा क्रमांक लावला. पलीकडचा गृहस्थ मोठा गोड बोलत होता. म्हणाला, मी सांगतो ते अ‍ॅप घाला, म्हणजे तुमचा पडदा मला इथून दिसेल. तेवढ्यात शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, "अगं, बचत गटाचे बँकेचे व्यवहार याच यंत्रावर करता ना? मग परक्याला बोलावून तिजोरी कशाला दाखवता?" आम्ही फोन ठेवला. अशा प्रकारात कोणी फसलेच, तर लाज न धरता ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे, हे सर्वांनी ध्यानात ठेवा.

मग आजीच म्हणाल्या, "आवर्तन सुटले आणि शेतात पाणी आले नाही, तर आपण काय करतो? कालव्यापासून चारीपर्यंत बघत जातो, दार कुठे बंद आहे ते." मुळा धरणाच्या पाण्यावर जगणाऱ्या आपणां राहुरीकरांना हे निराळे सांगावयास नको. आम्हीही मग वरून खाली पाहू लागलो. पडद्याच्या माथ्यावर एक पिवळी पट्टी होती. इंग्रजी म्हणून ती कोणी वाचलीच नव्हती. एकीने अक्षरे लावून वाचले : 'प्रोटेक्टेड व्ह्यू'. शेजारी बटण होते, 'एनेबल एडिटिंग'. ते दाबले आणि वेलांटी सरळ झाली!

ही पट्टी उगीच नसते. १९९९ साली 'मेलिसा' नावाचा विषाणू ई-मेलमधून, वर्डच्या फाईलच्या पोटात बसून जगभर पसरला होता. म्हणून बाहेरून आलेली फाईल आधी नुसती दाखवायची, हात लावू द्यायचा नाही, अशी सोय वर्डमध्ये २०१० च्या आवृत्तीपासून आहे. पाठवणारी व्यक्ती ओळखीची असेल आणि तिने खरोखरच फाईल पाठवली असेल, तरच ते बटण दाबावे.

दुसरी कुलपेही आहेत. 'लॉक्ड फॉर एडिटिंग' असे आले, तर तीच फाईल बहुधा दुसऱ्या यंत्रावर कोणी उघडी ठेवलेली असते. तिला बंद करावयास सांगावे. 'रीड-ओन्ली' असेल, तर 'सेव्ह अ‍ॅज' करून निराळ्या नावाने प्रत ठेवावी व तीत लिहावे. 'मार्क्ड अ‍ॅज फायनल' असेल, तर लिहिणारीने काम पुरे झाल्याची खूण केली आहे असे समजावे. 'एडिट एनीवे' दाबले की खूण निघते. प्रोग्रामच्या वर्गणीची मुदत संपली असेल, तर वाचता येते, छापता येते, पण लिहिता येत नाही. वर्गणी भरावी, नाहीतर लिब्रेऑफिस विनामूल्य मिळते, ते घ्यावे.

आता खरी गोष्ट सांगते. जमाखर्चाचे पत्रक वेगळ्या फाईलमध्ये होते. तिथे 'रिस्ट्रिक्ट एडिटिंग' केलेले होते आणि ते काढावयास परवलीचा शब्द लागत होता. तो आमच्या खजिनदार वहिनींनी घातलेला. एकजण रागावून म्हणाली, "आमच्यावर विश्वास नाही का यांचा?" मलाही तसेच वाटले, हे कबूल करते. वहिनींना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "गेल्या वर्षी कोणाच्या तरी हातून एक शून्य पुसले गेले आणि दोन महिने बोल मला लागला. शब्द सांगते, पण काय बदलणार, ते आधी सांगा." आम्ही गप्प झालो. तो बोल लावणाऱ्यांत आम्हीही होतो.

त्या रात्री पत्रकातला एकही आकडा आम्ही बदलला नाही. बदलण्याजोगे काही नव्हतेच. नुसती घाई होती. पुढच्या सभेत ठराव केला, की परवलीचा शब्द बंद पाकिटात अध्यक्षीणबाईंपाशी राहील आणि हिशेबात दुरुस्ती करताना दोघीजणी हजर राहतील. गेल्या वर्षीच्या बोलाबद्दल आम्ही वहिनींची क्षमाही मागितली.

तेव्हा भगिनींनो, यंत्र ऐकेनासे झाले तर आपण अडाणी आहोत असे मानू नका आणि परक्याच्या हाती किल्लीही देऊ नका. पडद्यावर काय लिहिले आहे ते सावकाश वाचा, आणि कुलूप कोणी व कशासाठी लावले, ते आधी विचारा. ते आपल्याच माणसाने लावले असेल, तर त्याचे कारणही ऐकून घ्या.